ठकुबाईची बोरमाळ आणि उत्पन्नाचा दाखला

"फुकटचा वकील हितंच मिळतो व्हय?"

दारात चपला काढायच्या आधी माणूस हे विचारायचा. मी दर वेळी सांगायचे, "फुकटचा नाही, मोफत." माणूस मान डोलवायचा आणि व्हरांड्यात थांबलेल्या सोबत्याला हाळी द्यायचा, "ये रे, फुकटचा हितंच हाय." नोकरीची शेवटची तेरा वर्षं मी हा एक शब्द सुधारायला घालवली आणि एकाही माणसाचा सुधारला नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला 'तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा' म्हणून सांगितलंय. गमती होत्या. पण त्या घडत असताना मला गंमत वाटत नव्हती, डोक्याला ताप वाटत होता, आणि आता आठवून लिहितानाही तोच वाटतोय. तेव्हा हसू आलं तर तुमचं तुम्ही हसा.

काम काय होतं ते आधी सांगते. भोरला कोर्टाच्या आवारात एका खोलीत माझं टेबल. ज्याला वकील करणं जमत नाही त्याला सरकारच्या खर्चानं वकील द्यायचा, त्यासाठी आलेले अर्ज तपासायचे. द्यायचा की नाही हे साहेब ठरवणार, म्हणजे न्यायाधीश. सही त्यांची. पण साहेबांपुढं जाणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जायचा, आणि कागद अडवायला सही लागत नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी कुठल्याही कचेरीत अर्ज केलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

नियम पाचवीतल्या पोरीला कळावा इतका सोपा. अर्ज करणारी बाई असली तर तिचं उत्पन्न विचारायचं नाही. लहान मूल, अपंग, अनुसूचित जातीजमातीची माणसं, तुरुंगात असलेला, असे आणखी काही, त्यांचंही विचारायचं नाही. बाकी राहिलेल्या पुरुषांनी वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचा दाखला आणायचा. शिवाय केसमध्ये काही दम आहे का तेवढं बघायचं. बास. एवढ्या सोप्या नियमाचं लोकांनी आणि मी मिळून जे काय करून ठेवलं, ते ऐका.

बाईला उत्पन्नाची अट नाही, हे गरजू बायकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. एकदा एक गृहस्थ आले. बाहेर पांढरी गाडी, शर्टाच्या खिशात काळा चष्मा, आणि सोबत ऐंशीच्या घरातली आई. आईला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "अर्ज आईच्या नावानं. लेडीजला इन्कमची अट न्हाई, मला समदं म्हाईतेय."

त्यांना खरंच समदं म्हाईत होतं, कायद्यातली कलमं त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवली. मी त्यांना झेरॉक्सला पिटाळलं आणि म्हातारीला विचारलं, "आजी, केस कुणावर करायचीय?"

"मला काय म्हाईत बाई. ह्यो म्हनला अंगठा द्यायचाय, म्हनून आले."

अर्ज करणाऱ्याला अर्ज वाचून दाखवणं माझं काम. मी वाचलं. केस कुणावर, तर सुलाबाई अमुक अमुक, राहणार नसरापूर.

"सुला? आमची सुला?"

"तुमची कोण?"

"धाकली लेक." म्हातारीनं हात पुढं केला, अर्ज माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत कोंबला. "तिनं बापाच्या जमिनीत वाटा मागितला म्हनून व्हय? मंग मला वकील नको."

गृहस्थ दोन्ही हातांत झेरॉक्स घेऊन परत आले तेव्हा म्हातारी पायरीवर उभी होती. "गाडी काढ," ती म्हणाली, "आधी नसरापूरला सुलाकडं जायचंय." मी घराघरांत भांडणं लावते अशी त्या गृहस्थांची लेखी तक्रार आठ दिवसांत आली. मला खुलासा द्यावा लागला, दोन पानी.

आता शर्टाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. कचेरीत जायचं म्हणजे नेसूनसवरून जायचं. कोर्टात तर लग्नाला गेल्यासारखं. घरात दोन वेळची मारामार असलेला माणूससुद्धा तारखेला येताना इस्त्रीचा सदरा घालणार, टोपी नवी, आणि बाईमाणूस असेल तर ट्रंकेतलं लुगडं. गबाळं गेलं तर आत कोणी बसवून घेत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा आहे असं मी कोर्टाच्या आवारात राहून म्हणू शकत नाही. उलट ज्यांचं बरं चाललंय त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं की मोफत वकील पाहिजे तर फाटकं घाला. म्हणजे माझ्या टेबलापुढं गरीब यायचा तो पाहुण्यासारखा आणि पैसेवाला यायचा तो भिकाऱ्यासारखा. हे उलटं गणित मी पहिल्या वर्षीच ओळखलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. माणूस दारातून आत आला की मी ओळखते, असं मी नव्या लोकांना सांगायचे.

तर एक असेच आले. दाढी वाढलेली, शर्ट काखेत उसवलेला, आवाज मेलेला. हातात उत्पन्नाचा दाखला, आकडा इतका बारीक की तेवढ्यावर कोंबडी जगायची नाही. मी ओळखलं. दुपारी चहाच्या टपरीवर गेले तर हेच महाशय स्कूटरच्या डिकीतून परीटघडीचा शर्ट काढून घालत होते आणि उसवलेला घडी करून परत डिकीत ठेवत होते, पुढच्या तारखेला. मी तरातरा जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "दाखला खोटा आहे का?"

"दाखल्यावर शिक्का आहे साहेब. पण मी शर्ट बदलताना पाहिलंय."

"मॅडम, शर्ट हा पुरावा होत नाही."

वकील मिळाला त्यांना. जाताना मला नमस्कार करून गेले, इस्त्रीच्या शर्टात. मी आठवडाभर धुमसत होते. घरी स्वयंपाक करतानासुद्धा मी त्या शर्टाशी भांडत होते. आणि नेमकी त्याच आठवड्यात ठकुबाई आली.

भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धनगरवाडा आहे, पाच-सात घरांचा. तिथून ती पहाटे निघून खाली उतरली होती आणि मिळेल त्या गाडीनं भोरला आली होती. पन्नाशीची, नवरा वारलेला. जांभळं जरीकाठी लुगडं, कानांत फुलं आणि गळ्यात बोरमाळ. बोरमाळ चांगली भरलेली होती. कोर्टाची नोटीस तिनं जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली होती.

"कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"भनीनं. ती म्हनली, भोरला जा, तिथल्या मॅडम वकील देत्यात."

नोटीस वाचली. तिच्या दिरानं दावा लावला होता. घराला लागून असलेला गोठा आणि त्याच्या पुढचं अंगण आपल्या एकट्याचं आहे, भावजयीनं तिथं पाय ठेवू नये, असं त्याचं म्हणणं. तारीख अठरा दिवसांवर होती. त्या दिवशी ठकुबाईकडून वकिलानं उभं राहून सांगायचं होतं की हे खोटं आहे. कुणीच उभं राहिलं नाही, तर दिराचं तेवढंच कोर्टाच्या कानावर जाणार.

"गोठा कुणी बांधला?"

"मालकानं. म्या सवता दगडं वाहिली डोक्यावं. दीर तवा पुण्यात व्हता कामाला."

"जनावरं किती?"

"धा हायेत. दोन म्हशी, बाकी गाया, एक कालवड."

इथं माझं चुकलं. दहा जनावरं, जरीकाठ, भरलेली बोरमाळ. आणि डोळ्यांपुढं तो डिकीतला शर्ट. उलटं गणित मला ठाऊक होतं, इतकी वर्षं मी तेच मिरवत होते, पण त्या दिवशी मला सगळं जग लबाड दिसत होतं.

आमच्या अर्जात उत्पन्नाचा एक रकाना असतो. तो पुरुषांसाठी. बाईच्या अर्जात तिथं मी 'लागू नाही' लिहायचे. मी नोकरीला लागले तेव्हाच्या हेडक्लार्कनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, रकाना रिकामा ठेवायचा नाही, रिकामा रकाना म्हणजे उद्याची भानगड. ते मी जन्मभर पाळलं. त्या दिवशी 'लागू नाही' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

"उत्पन्नाचा दाखला आणा," मी म्हणाले.

"त्यो कुठं मिळतो?"

"तलाठ्याकडं जा, ते सांगतील."

तिनं परत विचारलं, "बायकांना बी लागतो व्हय?"

"लागतो म्हणतेय ना मी."

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि नोटीस परत कॅलेंडरात गुंडाळली.

कायदा मला माहीत नव्हता असं नाही. माहीत होता. म्हणून तर म्हणते, चूक माझी होती, कायद्याची नाही, कोर्टाची नाही.

पाच दिवसांनी ती परत आली. तेच लुगडं, तीच बोरमाळ. रेशनकार्ड सासूच्या नावावर, सासू दिराकडं, दीर कार्ड देत नाही, आणि कार्डाशिवाय दाखला निघत नाही. मी म्हणाले, "मग तहसीलला जाऊन वेगळं कार्ड करा." किती सहज म्हणाले. ती "बरं मॅडम" म्हणून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दाखल्याचा अर्ज भरला होता, पण कॉम्प्युटरला रेंज नव्हती, आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. मी घड्याळाकडं बघत म्हणाले, "दाखला आला की या."

माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगते, लपवण्यात काय अर्थ आहे. मला वाटत होतं, दाखला मिळत नाही म्हणजे उत्पन्न जास्त असणार. खरी गरीब बाई असती तर रडली असती, पाया पडली असती. ही आपली सरळ उभी, गळ्यात सोनं, आणि दर वेळी "बरं मॅडम". तिच्या त्या शांतपणात मला मग्रुरी दिसली. तिच्या जागी मी असते तर टेबल उलथंपालथं केलं असतं.

चौथ्यांदा ती आली नाही. मी अर्ज 'अपूर्ण' म्हणून फायलीला लावला.

दोनेक महिने गेले. पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी एक उंच, सावळी बाई खोलीत आली आणि चपला न काढता टेबलापुढं उभी राहिली. वकील मिळतो का वगैरे काही विचारलं नाही.

"म्या सगुणा. ठकुबाईची भन. विंझरला दिलेली. हितं यायला दोन गाड्या बदलाव्या लागत्यात."

"बसा," मी म्हणाले.

"बसत न्हाई. तुमाला कायतरी ऐकवायचंय." तिनं मोबाईल काढला, बोटानं दोनदा दाबला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

मोबाईलमधून माझाच आवाज आला. वर्षभरापूर्वी विंझरला शाळेच्या व्हरांड्यात आम्ही कायद्याची माहिती द्यायचं शिबिर घेतलं होतं, त्यातला. मी माईकवर जोरात बोलत होते आणि मागं बायका हसत होत्या. "बायांनो, नीट ऐका. बाईला उत्पन्नाची अट नाही. दाखला लागत नाही. बाई अंगभर सोन्यानं मढलेली असली तरी तिला मोफत वकील मिळतो. कुणी दाखला मागितला तर सरळ माझ्याकडं या, मी बघते त्याच्याकडं." मग टाळ्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. कोरडा पाषाण टेबलाच्या अलीकडं बसला होता.

"ह्ये तुमीच ना?" सगुणा म्हणाली.

"मीच."

"म्या ह्ये ऐकून तिला सांगितलं, भोरला जा, त्या मॅडमचं नाव घे. ती बोरमाळ माझीय. कोर्टात जायचं, तर उघड्या गळ्यानं कशी पाठवू भनीला? लुगडं जावंचं हाय माझ्या. फुलं तेवढी तिची." तिनं मोबाईल उचलून पिशवीत टाकला. "आन तुमी ती बोरमाळ बघून तिला दाखला मागितला. खरं का खोटं?"

मी खरं म्हणाले. दुसरं म्हणणार काय.

मग तिनं पुढचं सांगितलं. तारखेला ठकुबाईकडून कुणी उभं राहिलं नाही. तिचं म्हणणं न घेताच दावा पुढं गेला आणि दिराच्या अर्जावर तात्पुरता मनाई हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ठकुबाईनं गोठ्यात जायचं नाही. दिरानं गोठ्याला कुलूप घातलं. डोंगरावर पाऊस चालू झालेला. जनावरं तिनं ताडपत्रीखाली बांधली. चौथ्या दिवशी बिबट्यानं कालवड नेली. बाकीची रातभर दावी तोडत होती.

"मंग इकली समदी," सगुणा म्हणाली. "म्हशीबी. करायचं काय तिनं? जनावराचं हाल बघवंनात. म्या म्हनलं, परत भोरला जा. तर म्हनली, नको, दाखला न्हाई माझ्याकडं."

दहा जनावरं म्हणजे त्या बाईचं सगळं होतं. दूध खाली भाटघरला जायचं त्यावर तिची चूल चालायची. ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं, मी फक्त आकडा ऐकला होता. मी उठून सगुणाला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. "तिला उद्याच्या उद्या घेऊन या," मी म्हणाले. "दाखला नको, काही नको. नुसतं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ठकुबाई आली ती लंकेची पार्वती होऊन. ठिगळाचं लुगडं, गळा उघडा, कानांतली फुलंसुद्धा काढलेली. पायांत चपला नव्हत्या. पहिल्यांदा तर मी ओळखलंच नाही. दारातच थांबली होती, आत येईना. मी "या" म्हटल्यावर दोन पावलं आली आणि अंगावरच्या लुगड्याकडं बघून मला विचारलं, "मॅडम, आता बरोबर हाय का? आता मिळंल नव्हं वकील?"

तोवर मी नाना तऱ्हेची माणसं हाताळली होती. शिव्या देणारी, पाया पडणारी, टेबलाखालून पाकीट सरकवणारी. कुणाचीही मी कधी माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. शर्ट बदलणाऱ्या त्या गृहस्थांची मला चीड यायची, आणि हिला तसलंच सोंग घ्यायला लावणारी मीच होते. फरक एवढाच की हिचं सोंग नव्हतं, ठिगळाचं लुगडंच तिचं होतं.

"ठकुबाई, चुकलं माझं," मी म्हणाले. "दाखला लागत नव्हता. मी उगाच मागितला."

"तुमचं कसं चुकंल? तुमी कागुद बघून सांगितलं आसंल."

"कागद नाही, मी बोरमाळ बघितली."

तिला ते कळलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. ती सगुणाकडं बघत राहिली आणि सगुणा खिडकीबाहेर.

त्याच दिवशी अर्ज पुढं गेला. उत्पन्नाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. आमच्या यादीवर एक तरुण वकीलबाई होत्या, हुशार आणि भांडखोर, त्यांच्याकडं काम दिलं. आता आधीचे हुकूम मागं घ्यावेत आणि ठकुबाईचं म्हणणं ऐकून घ्यावं, असा विनंतीअर्ज करायचा होता. त्यात उशीर का झाला हे लिहावं लागतं. वकीलबाई लॅपटॉप उघडून म्हणाल्या, "मॅडम, काय लिहू? आजारी होती लिहू? सगळे तेच लिहितात."

"आजारी नव्हती. तीन वेळा इथं आली होती. मी परत पाठवली, असं लिहा."

"पुरावा लागेल."

मी लेखी दिलं. अर्जदार बाई मुदतीच्या आत आली होती, तिला दाखल्याची गरज नसताना मी दाखला मागितला, उशीर तिचा नाही. खाली सही आणि हुद्दा. तो कागद साहेबांपुढं गेला आणि साहेबांनी मला आत बोलावलं. शर्टवालेच साहेब. ते वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलंय?"

"पावणेदोन वर्षं."

"हे लेखी द्यायलाच पाहिजे का?"

"साहेब, रकाना रिकामा ठेवायची सवय नाही."

ते हसले नाहीत, मीही हसले नाही. कागद राहिला. वरून मला लेखी ताकीद आली, ती माझ्या सर्व्हिसबुकात एका पानावर आहे. बाकी सगळी पानं कोरी करकरीत स्वच्छ आहेत, हे सांगायचा मोह अजून सुटत नाही, बघा.

विनंतीअर्ज मंजूर झाला. वकीलबाईंनी ठकुबाईचं म्हणणं दाखल केलं, मनाई हुकूम उठला. वाड्यावरच्या चार म्हाताऱ्या साक्षीला आल्या. त्या पायरी चढताना मी बघितलं, चौघीही लग्नाला आल्यासारख्या नटल्या होत्या. एकीनं साहेबांना सांगितलं, गोठ्याचे दगड आम्ही मोजून देतो, कुठला कुणी वाहिला तेही सांगतो. दिराचा वकील तिला उलटतपासणीत काही विचारायच्या फंदात पडला नाही. दीड वर्षांनी निकाल लागला. गोठा आणि अंगण ठकुबाईचं.

निकालाची नक्कल न्यायला ती आली तेव्हा माझे नोकरीचे मोजके दिवस राहिले होते. परत तेच ठिगळाचं लुगडं, उघडा गळा, अनवाणी पाय. मी खुर्ची दिली. आज पहिल्यांदा ती बसली. मी म्हणाले, "ठकुबाई, जिंकलात की. आता गोठ्यात काय बांधलंय?"

"काय न्हाई. मोकळाच हाय. लाकडं ठिवती." मग म्हणाली, "लई मोठा वाटतो आता त्यो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "अहो, आज तरी चांगलं नेसून यायचं. आता कुणी काही मागणार नाही. बोरमाळ घालायची सगुणाची."

"नको मॅडम," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी शहाण्या माणसानं नवख्याला समजवावं तशी. "सगुणा देत व्हती. म्याच न्हाई घेतली. कचेरीत आसंच आल्यालं बरं आसतं. म्या शिकले आता."

पुढच्या आठवड्यात माझा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ आणि भाषणं. मॅडमनी या तालुक्यातल्या बायाबापड्यांना कायदा शिकवला, असं दोघातिघांनी सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ठकुबाईला काय शिकवलं होतं, ते त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं.

नक्कल घेतल्याची नोंद रजिस्टरात करावी लागते. ठकुबाई नक्कल न्यायला आली त्या दिवशी मी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं, शाईचा पॅड उघडला आणि अंगठा कुठल्या रकान्यात द्यायचा ते दाखवलं.